गुडघ्याची गोळी घेताना

कापूस वेचणी सुरू झाली की आमच्या देवळीकडच्या मेडिकल दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. “भाऊ, ते गुडघ्याची गोळी दे न, मागच्या वेळची.” चिठ्ठी नसते, गोळीचं नावही माहीत नसतं. दोन तासांत ठणका थांबतो आणि बाई पुन्हा वावरात. वाकून वेचणं, ओटी भरून उचलणं, घरी आल्यावर उकिडवं बसून भांडी. गुडघे बोलणारच, हो!

पण मैत्रिणींनो, ही गोळी नेमकं काय करते? वयानं, वजनानं, कष्टानं सांध्यातली कूर्चा झिजते. डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या ती झीज भरून काढत नाहीत. त्या सूज आणि दुखणं फक्त दाबतात. म्हणून त्या कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस घ्यायच्या असतात. आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षं चालतात.

शरीरातला जो पदार्थ दुखणं वाढवतो, तोच जठराचं अस्तर जपतो आणि मूत्रपिंडाकडे रक्त नीट जाऊ देतो. गोळी तो सगळीकडेच अडवते. म्हणून नवरात्रात नऊ दिवस उपास आणि वरून ही गोळी, हे नकोच. जेवल्यावर घेतली म्हणजे धोका संपला, असंही नाही. साठीपुढच्या, पूर्वी अल्सर झालेल्या किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या बाईनं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

मूत्रपिंडाचं दुखणं जास्त फसवं, कारण ते गुपचूप होतं. आमच्या शेजारच्या काकूंना बीपीची गोळी सुरू होती. गुडघ्यासाठी एक गोळी, कंबरेसाठी दुसरी; नावं वेगळी, आतलं औषध एकच! त्यात मे महिना, पुतण्याचं लग्न, पारा पंचेचाळिशीत आणि पाणी पिण्याची फुरसत नाही. पाय सुजले, लघवी कमी झाली. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं. गोळ्या वेळीच बंद केल्या म्हणून निभावलं. बीपीची औषधं, ही गोळी आणि शरीरात पाणी कमी, हे त्रिकूट आपल्या उन्हाळ्यात फार वाईट.

गिधाडं कुठे गेली, माहीत आहे ना? डायक्लोफिनॅक दिलेल्या मेलेल्या जनावरांचं मांस खाऊन त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणूस काही गिधाड नाही, आपल्याला ते मापात चालतं. पण माप ठरवायला डॉक्टर लागतो. “नवीन गोळी आहे, पोटाला त्रास नाही,” यावरही लगेच भुलू नका. रोफेकॉक्सिबची अशीच वाहवा होती. हृदयविकाराचा धोका दिसल्यावर २००४ मध्ये कंपनीनं ती जगभरातून मागे घेतली. आज सर्रास मिळणारी इटोरीकॉक्सिब रक्तदाब वाढवू शकते.

सेवाग्राम, सावंगी, नाहीतर जवळचं ग्रामीण रुग्णालय, कुठेही जा. पण घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. बीपी, शुगर, दमा, हृदयाचं दुखणं आपणहून सांगा. किती दिवस घ्यायची, हे विचारूनच उठा. पाकिटावर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट झाली, रक्ताची उलटी झाली, छातीत दुखलं, धाप लागली किंवा लघवी कमी झाली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळपट होतो, तरी डॉक्टरांना विचारून खात्री करा.)

एकाच गुडघ्याचं दुखणं असेल तर पोटातल्या गोळीऐवजी वरून लावायचं डायक्लोफिनॅकचं मलम चालेल का, हे आधी विचारा. त्यातलं औषध रक्तात फार कमी जातं. आणि मांडीचे स्नायू बळकट करा. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करा, पाच आकडे मोजा, खाली ठेवा, मग दुसरा. दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. टीव्हीवरची मालिका बघता बघताही होतं.