स्टेशनभोवतीचा अर्धा किलोमीटर

‘रोज अर्धा तास चाला,’ हा मधुमेहाच्या रुग्णाला आम्ही डॉक्टर मंडळी हमखास देतो तो सल्ला. त्यावर रुग्णाचा प्रश्नही ठरलेला असतो : ‘चालू कुठे?’ प्रश्न रास्त आहे. फूटपाथ नाही, असला तर त्यावर दुचाक्या उभ्या, कडेला उघडी नाली आणि मे महिन्यात ४४-४५ अंशांचे ऊन. अशा वेळी रुग्णाला आळशी म्हणून चालत नाही. त्याचे गाव कसे वसले आहे, हाही त्याच्या आजाराचा भाग असतो.

चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातील साखर थेट ओढून घेतात. त्यासाठी त्यांना नेहमीइतक्या इन्शुलिनची गरज लागत नाही. म्हणूनच जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटांची चालही उपयोगी पडते. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. एवढ्या माणसांना व्यायामशाळेत पाठवणे शक्य नाही. रोजच्या कामातच चालणे यायला हवे.

नगररचनेत यासाठी एक कल्पना आहे : ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट, थोडक्यात ‘टीओडी’. स्टेशन किंवा बसस्थानकापासून पायी जाता येईल एवढ्या परिघात घरे, दुकाने, शाळा, दवाखाने आणायचे आणि तिथल्या रस्त्यांवर पहिला मान पादचाऱ्याला द्यायचा. केंद्र सरकारने २०१७ मध्ये यासाठी राष्ट्रीय धोरण आणले. पुण्यात मेट्रो स्थानकांभोवतीच्या ५०० मीटर परिसरात वाढीव चटईक्षेत्र देण्याचे धोरण आहे.

याचा आरोग्याशी संबंध काय? अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बस-रेल्वेने प्रवास करणारे लोक केवळ स्थानकापर्यंत जाण्या-येण्यात दिवसाला साधारण १९ मिनिटे चालतात, असे दिसले. तिथल्याच शार्लट शहरात नवी लाइट रेल सुरू झाल्यावर नियमित तिने कामावर जाणाऱ्यांचा बॉडी मास इंडेक्स, तिचा वापर न करणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरी एका अंकाहून थोडा अधिक घटला. ज्यांना मुळातच चालायला आवडते तेच रेल्वे निवडत असतील, ही शंका अशा अभ्यासांत उरते. तरीही शरीरशास्त्र जे सांगते, त्याच्याशी हे जुळते.

परभणीला मेट्रो नाही आणि तिची गरजही नाही. आपल्याकडे जंक्शन आहे. मनमाड, पूर्णा आणि परळी अशा तिन्ही बाजूंनी रूळ इथे येतात. एसटीचे बसस्थानकही जवळच आहे. सेलू, पूर्णा, गंगाखेडहून विद्यार्थी, शेतकरी आणि रुग्ण रोज इथे उतरतात. मोठ्या शहरांना कोट्यवधी रुपये खर्चून जे उभारावे लागते, त्याचा पाया आपल्याकडे निजामाच्या काळापासून आहे. आता अमृत भारत स्थानक योजनेत परभणी स्थानकाचा समावेश आहे. चर्चा नव्या इमारतीची आणि पार्किंगची होते. डॉक्टर म्हणून मला काळजी वाटते ती फाटकाबाहेरच्या अर्ध्या किलोमीटरची.

मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत आहे. तपासणीला येण्यासाठी हा मोठा आधार आहे. पण उतरल्यावर पायी जाता येत नसेल, तर वाचलेले पैसे रिक्षाला जातात आणि पुढची तारीख चुकते. रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर बंद राहण्यामागे कधी कधी एवढेच कारण असते.

सुधारणा अवघड नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांनुसार फूटपाथ किमान १.८ मीटर मोकळा आणि रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा. गुडघेदुखीच्या आजीला त्याहून उंच पायरी चढवत नाही. तो सलग हवा, सावलीचा हवा. वाटेत पिण्याचे पाणी आणि स्वच्छ स्वच्छतागृह हवे, कारण ते नसले की बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत आणि उन्हाळ्यात मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा यांना निमंत्रण मिळते. वाहनांचा वेग कमी हवा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांतील ३२ हजारांहून अधिक पादचारी होते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

एक धोकाही आहे. परिसर सुधारला की भाडी वाढतात, हातगाडीवाले हटवले जातात. मग ज्यांना स्टेशनजवळ राहण्याची सर्वाधिक गरज, तेच गावाबाहेर फेकले जातात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात त्यांना जागा नेमून देण्याची तरतूद आहे. ती आराखड्यातच यावी. फळे-भाजी विकणारी, रात्री दिव्याखाली बसलेली ही माणसे असली की एकट्या बाईलाही रस्ता सुरक्षित वाटतो.

नव्या स्थानकाचे उद्घाटन होईल तेव्हा महापालिका आणि रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी एक तपासणी जरूर करावी. सत्तरीतल्या, काठी घेऊन चालणाऱ्या माणसासोबत भर दुपारी फलाटावरून बसस्थानकापर्यंत जावे. तो कुठे थांबला, कुठे दचकला, कुठे रस्त्यावर उतरला, याची नोंद घ्यावी आणि पुढच्या वर्षीचा निधी आधी तिथे लावावा.