ध्वनिशामक रायफल

ध्वनिशामक रायफल : गोळीबाराचा आवाज व नळीच्या तोंडाशी दिसणारी ज्वाला कमी करण्याची योजना असलेली लष्करी रायफल. दडून वेध घेणाऱ्या नेमबाजाचा, म्हणजे स्नायपरचा, ठावठिकाणा शत्रूस कळू नये, हा तिचा मुख्य हेतू होय.

रायफलीच्या आवाजाचे तीन घटक असतात. दारूच्या ज्वलनाने निर्माण झालेले उच्च दाबाचे वायू गोळीमागोमाग बाहेर पडून एकदम प्रसरण पावतात. हा पहिला व सर्वांत मोठा घटक. गोळीचा वेग ध्वनिवेगाहून (हवेत सु. ३४० मी./से.) अधिक असल्यास आघात तरंग निर्माण होऊन चाबकाच्या फटकाऱ्यासारखा कडाका ऐकू येतो, हा दुसरा. यंत्रणेच्या हालचालीचा खटका हा तिसरा घटक होय.

ध्वनिशामक हे नळीवर बसविलेले, पडद्यांनी कप्पे पाडलेले नळकांडे असते. कप्प्यांत अडून वायू विस्तारतात, थंड होतात व कमी दाबाने बाहेर पडतात. त्यामुळे आवाज सामान्यतः २० ते ३५ डेसिबलांनी घटतो. मूळ आवाज सु. १६० डेसिबल असल्याने रायफल निःशब्द होते, ही चित्रपटांनी रूढ केलेली समजूत चुकीची आहे. शिवाय गोळीचा कडाका ध्वनिशामकाने थांबत नाही. तो टाळण्यासाठी गोळीचा वेगच ध्वनिवेगाखाली ठेवावा लागतो.

मॅक्सिम मशीनगनच्या जनकाचे पुत्र हायरम पर्सी मॅक्सिम यांना १९०९ मध्ये अमेरिकेत ध्वनिशामकाचे एकस्व मिळाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये विल्यम गॉडफ्री डी लाइल यांनी ली-एन्फील्ड रायफलीच्या यंत्रणेवर आधारित कार्बाइन तयार केली. तिच्यात पिस्तुलाचे ०·४५ इंची, ध्वनिवेगाहून मंद गोळीचे काडतूस वापरले जाई. सोव्हिएट संघाने १९८७ मध्ये स्वीकारलेल्या व्हीएसएस विंतोरेझ रायफलीत ध्वनिशामक हा रायफलीचाच घटक असून तिची ९ मिमी. व्यासाची, सु. १६ ग्रॅ. वजनाची गोळी सु. २९० मी./से. वेगाने सुटते. मंद वेगाची उणीव जड गोळीने काही अंशी भरून काढली आहे.

मात्र मंद गोळीची किंमत पल्ल्यात मोजावी लागते. ३०० मी. अंतर कापण्यास अशा गोळीला एक सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात ती नळीच्या रेषेखाली ५ मी.हून अधिक येते. नेहमीच्या वेगवान गोळीची घट १ मी.च्या आतबाहेर असते. अंतराचा अंदाज २० मी.नी चुकला, तरी मंद गोळी लक्ष्यापासून सु. ३५ सेंमी. वरखाली जाते. म्हणूनच विंतोरेझचा परिणामकारक पल्ला सु. ४०० मी. मानला जातो.

दूरच्या माऱ्यासाठी म्हणून दुसरा मार्ग अवलंबिला जातो. व्हिएटनाम युद्धात अमेरिकी स्नायपरांनी एम-२१ रायफलीवर ध्वनिशामक बसवून नेहमीचीच वेगवान काडतुसे वापरली. ब्रिटनच्या एल११५ए३ रायफलीतही हीच योजना आहे. येथे कडाका ऐकू येतो. पण तो गोळीच्या मार्गावरून येत असल्याने आणि नळीचा आवाज क्षीण झाल्याने शत्रूस नेमबाजाची दिशा ओळखणे कठीण जाते. ज्वाला व उडणारी धूळ कमी होते, हाही लाभ होय.

ध्वनिशामकाने रायफलीची लांबी व वजन वाढते, ते लवकर तापते आणि त्यावरील उष्ण हवेमुळे दुर्बिणीतील दृश्य थरथरते. तो बसविल्यावर वेधबिंदूही बदलतो. म्हणून ध्वनिशामकासह रायफलीचा वेध पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. असे असले, तरी सु. १४० डेसिबलांवरील आवाजाने सैनिकाची श्रवणशक्ती कायमची बिघडू शकते व गोळीबारात तोंडी आज्ञा ऐकू येत नाहीत. या कारणांसाठी अमेरिकेच्या मरीन दलाने २०२० पासून सामान्य पायदळ सैनिकांच्या रायफलींनाही ध्वनिशामक देण्यास आरंभ केला. गुप्त कारवायांचे मानले गेलेले हे साधन अशा रीतीने सैनिकाच्या कानांचे संरक्षक ठरू लागले आहे.