‘हजारे’ आडनाव आले कुठून? राळेगणसिद्धीपासून आसामपर्यंत पोहोचलेल्या एका हुद्द्याची गोष्ट

ऑगस्ट २०११ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर अण्णा हजारे उपोषणाला बसले आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी हे गाव देशभर माहीत झाले. टोप्यांवर ‘मैं अन्ना हूं’ असे छापलेले असे. ‘अण्णा’ म्हणजे वडीलधारा, हे सगळ्यांनाच समजत होते. पण ‘हजारे’ म्हणजे काय? संख्येवरून आडनाव कसे पडते? इंटरनेटवर याची उत्तरे भरपूर मिळतात. त्यातली बरीचशी ‘तुमचे पूर्वज हजार सैनिकांचे सेनापती होते’ इथपर्यंत जाऊन थांबतात. गोष्ट त्यापेक्षा बरीच गुंतागुंतीची आहे.

हजार हा शब्द मुळात कुणाचा?

‘हजार’ फारसीतून मराठीत आला. मात्र तो परका म्हणावा इतका परका नाही. संस्कृतातला ‘सहस्र’ आणि फारसीतला ‘हजार’ हे एकाच जुन्या शब्दाचे दोन वंशज आहेत. इकडचा ‘स’ इराणी भाषांत ‘ह’ होतो. सिंधूचा हिंदू झाला तो याच नियमाने. सप्तचा तिकडे ‘हफ्त’ झाला आणि त्यावरून आठवड्याला ‘हप्ता’ म्हणू लागले. म्हणजे गावात हरिनामाचा सप्ताह बसतो आणि पतसंस्थेत कर्जाचा हप्ता भरला जातो, तेव्हा आपण एकच शब्द दोन वाटांनी वापरत असतो. त्याच न्यायाने सहस्रबुद्धे आणि हजारे या आडनावांचा आरंभ एकाच शब्दाने होतो. दोन्ही घरांतल्या मंडळींना हे ऐकून गंमत वाटेल.

हुद्दा कसा होता?

फौजेची दहा, शंभर, हजार अशी उतरंड लावण्याची पद्धत मध्य आशियातल्या मंगोलांपासून चालत आली. अकबराने मनसबदारी बसवली तेव्हा ‘हजारी’, ‘पंचहजारी’ असे दर्जे ठरले. दर्जे म्हणायचे कारण, पंचहजारी माणसामागे पाच हजार स्वार उभे असतच असे नाही. सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच इतिहासातले आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहानंतर संभाजीराजांना मोगलांची पंचहजारी मनसब मिळाली. त्या वेळी त्यांचे वय होते आठ वर्षे.

शिवाजी महाराजांच्या फौजेतही हजारी होता. सभासद बखरीत घोडदळाची रचना दिली आहे ती अशी : २५ बारगीरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी. गुणाकार केला तर हजारीच्या हाताखाली १,२५० स्वार येतात. त्याचा तनखा एक हजार होन, तर पाच हजाऱ्यांवरच्या पंचहजारीचा दोन हजार होन. पायदळातही हजारी असे. म्हणजे नावात हजार असला तरी हिशेब हजाराचा नव्हता. तो पदाचा होता.

महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला. दरबारातले पदाधिकारी त्यामुळे पंतप्रधान, अमात्य, सचिव झाले. लोकांच्या तोंडी बसलेली पदनामे मात्र हलली नाहीत आणि पुढे तीच घराण्यांना चिकटली.

पदाचे आडनाव होताना

महाराष्ट्रात ही वाट मळलेली आहे. हिशेबाच्या फर्दा लिहिणारा तो फडणीस, पत्रे लिहिणारा चिटणीस, फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा पारसनीस. नाना फडणवीसांचे मूळ आडनाव भानू. पेशवे श्रीवर्धनचे भट. पण भट आणि भानू मागे पडले. पदच नाव झाले. १८१८ मध्ये पेशवाई गेली, पद गेले, तरी नाव राहिले.

फौजेबाहेरचेही असेच. राळेगणसिद्धीतच ‘मापारी’ आडनावाची घरे आहेत. धान्य मापून देणारा तो मापारी. आता मापाच्या जागी वजनकाटा आला, पण दारावरच्या पाटीवरचे मापारी तसेच आहेत.

स्पेनमधली रीत याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. तिथले ‘हर्नांडेझ’ म्हणजे हर्नांडोचा मुलगा. ‘एझ’ हा शेपटीचा तुकडा ‘अमक्याचा पुत्र’ असे सांगतो. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आणि वसईत आलेले फर्नांडिस, रॉड्रिग्ज हे त्याच घडणीचे. तिथे बापाचे नावच आडनाव होऊन बसले. मराठी माणसाने बापाला मधली जागा दिली : किसन बाबूराव हजारे. त्यामुळे शेवटची जागा गावाला, धंद्याला, हुद्द्याला, कधी एखाद्या खोडीला मोकळी राहिली. ती सगळ्यांनाच कायमची भरावी लागली ती मात्र इंग्रजी अमदानीत. शाळेचा पट, जमिनीचे कागद, पलटणीतली भरती, प्रत्येक ठिकाणी नावापुढे आडनाव लागू लागले.

आसामचे हजारिका, बंगालचे हाजरा

हजारावरून पडलेले आडनाव एकट्या महाराष्ट्राचे नाही. आसाममध्ये आहोम राजांच्या काळात पाईक म्हणजे राज्याच्या चाकरीला बांधलेले रयत पुरुष. वीस पाईकांवर बोरा, शंभरांवर सैकिया, हजारांवर हजारिका, तीन हजारांवर राजखोवा, सहा हजारांवर फुकन. ही सगळी आज आसामातली नेहमीची आडनावे आहेत. गायक भूपेन हजारिका यांचे आडनाव यातलेच. बंगालमध्ये हाजरा आहेत. १९४२ च्या आंदोलनात तिरंगा हाती घेऊन गोळ्या झेललेल्या मातंगिनी हाजरा त्याच आडनावाच्या. हजारे, हजारिका, हाजरा यांचे आपसात नातेगोते नाही. ज्या-त्या राज्याने आपापला हजारी नेमला आणि ज्या-त्या भाषेने त्याला आपले वळण दिले. मराठीने आदरार्थी ‘ए’ लावला, जसा काळे, मोरे, शिंदे यांना लागतो तसा.

आडनावावरून जात कळते का?

हजारेंच्या बाबतीत तरी नाही. या आडनावाची देशभर सर्वाधिक चर्चा अण्णांमुळे झाली असली, तरी क्रिकेटच्या मैदानावर ते त्याच्या कितीतरी आधी गाजले होते. विजय हजारे यांचा जन्म १९१५ चा, सांगलीतल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातला. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड कसोटीत ब्रॅडमनच्या संघापुढे त्यांनी ११६ आणि १४५ धावा केल्या. एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार तेच होते. आज देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेला त्यांचे नाव आहे, त्यामुळे दरवर्षी क्रीडापानांवर ‘हजारे करंडक’ झळकतो. अण्णांचे कुटुंब मराठा. दोघांचे आडनाव एक, धर्म वेगळा, मुलूख वेगळा. एवढ्यावरून दोघांना एका खानदानात बसवणे जितके चूक, तितकेच प्रत्येक हजारेला सरदाराचा वंशज ठरवणे चूक. कुणाचा पूर्वज खरोखर हजारी असेल, कुणाचा हजारीच्या पथकात असेल, कुणाला ते गमतीने चिकटले असेल. शिवाय फौजेबाहेरही ‘हजारी’ शब्द खेळत होताच. हजारी मोगरा आहे, शनिवारवाड्यात हजारी कारंजे आहे. तिथे हजारी म्हणजे नुसते पुष्कळ.

अण्णांचेच पाहा. जन्म १५ जून १९३७, नगरजवळच्या भिंगारचा. घरची ओढाताण, मुंबईत दादरला फुले विकून काढलेले दिवस. पुढे ते सैन्यात गेले ते ट्रकचालक म्हणून. हजारांच्या नायकाचे आडनाव लावणारा जवान १९६५ च्या युद्धात खेमकरण आघाडीवर गाडी चालवत होता.

स्वतःच्या आडनावाचा माग काढायचा असेल तर

मोबाइलवर फिरणाऱ्या वंशावळींपेक्षा कागद बरे. सातबाराच्या मागे जुने फेरफार असतात, त्यांच्याही मागे तहसीलच्या अभिलेख कक्षात कडईपत्रके असतात. यातले जुने कागद बहुतेक मोडीत, तेव्हा वाचणारा माणूस आधी गाठावा लागतो. पेशवेकाळातली दप्तरे पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे गावागावांच्या वह्या आहेत. तिथे गेल्यावर गुरुजी आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि मग वही उघडतात.