कळा थांबल्या, पण बाळाचे काय?

गर्भारपणाचे 37 आठवडे भरण्याआधीच कळा सुरू झाल्या, तर गर्भाशयाचे आकुंचन रोखणारे औषध देण्याची पद्धत जुनी आहे. रिटोड्रिन, निफेडिपिन, अटोसिबन ही त्यातील काही नावे. या औषधांनी प्रसूती एक-दोन दिवस लांबू शकते, हे मान्य झालेले आहे. परंतु त्यामुळे बाळ अधिक सुखरूप राहते का, हा प्रश्न निराळा असून त्याची उत्तरे निराशाजनक आहेत. 1992 साली कॅनडातील 708 स्त्रियांच्या अभ्यासात रिटोड्रिनने बाळांचे मृत्यू घटले नाहीत, आणि 2025 साली नेदरलँड्स, इंग्लंड व आयर्लंडमधील 752 स्त्रियांवरील चाचणीत, 30 ते 34 आठवड्यांच्या दरम्यान अटोसिबन दिलेल्यांची 8 टक्के, तर निष्क्रिय द्रव दिलेल्यांची 9 टक्के बाळे दगावली वा गंभीर आजारी झाली, म्हणजे नोंद घ्यावी असा फरक आढळला नाही. कळांमागे गर्भाशयातील जंतुसंसर्ग असेल, तर बाळाला आत राखणे उलट घातकही ठरू शकते.

मिळालेल्या 48 तासांत काय केले जाते, यावर सारे अवलंबून आहे. आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे लिगिन्स व हॉवी यांनी 1972 साली न्यूझीलंडमध्ये दाखवले. शिवाय या अवधीत, उदाहरणार्थ केळापूर तालुक्यातील गरोदर स्त्रीला पांढरकवड्याहून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हलवता येते, आणि अशा तालुक्यात औषधाचा खरा उपयोग बहुधा हाच.

मात्र स्टेरॉइडचाही सरसकट वापर अंगलट येतो. नागपूर व बेळगाव परिसरातील गावांसह सहा देशांत झालेल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही इंजेक्शने गावपातळीवर पोहोचवल्यावर एकूण नवजात मृत्यू वाढले. दिवसांचा हिशेब अंदाजाने धरल्याने, पूर्ण दिवस भरत आलेल्या अनेक स्त्रियांनाही ती मिळाली होती. याउलट भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस निश्चित करून झालेल्या 2020 च्या चाचणीत नवजात मृत्यूंचे प्रमाण 23.5 वरून 19.6 टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये निफेडिपिनला दिलेली मान्यताही सशर्तच आहे: गर्भ 24 ते 34 आठवड्यांचा असावा, दिवसांची खात्री असावी, संसर्गाची लक्षणे नसावीत, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची काळजी घेणारी व्यवस्था हाताशी असावी.