‘ड्रॅगन क्वेस्ट’ : आरंभ कोणत्या भागापासून करावा ?

अनेक खंडांचा ग्रंथ वाचावयास घेतला म्हणजे पहिला खंड आधीं उघडावा, हें सांगण्यास कोणी शहाणा लागत नाहीं. पण खेळांच्या मालेस हाच न्याय लावून पुष्कळ उत्साही मंडळी पहिल्याच मुक्कामावर गाडींतून उतरून जातात, व पुढील रम्य प्रदेश त्यांच्या दृष्टीस पडतच नाहीं. जपानांतील ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ही माला याचें उत्तम उदाहरण होय. हिचा पहिला भाग २७ मे १९८६ रोजीं निघाला, व मुख्य मालेचे अकरा भाग आजवर प्रसिद्ध झाले आहेत. चुकीचा भाग हातीं आला तर वीस-पंचवीस तास वायां जातात. आणि त्याहून वाईट म्हणजे ‘हें आपलें काम नव्हे’ असा कायमचा ग्रह होऊन बसतो.

प्रथम खेळाचें स्वरूप पाहूं. पडद्यावर एक लहानसें जग असतें. त्यांत गांवें, किल्ले, गुहा आणि समुद्र. आपण नायकाची भूमिका घेऊन हिंडावयाचें, गांवकऱ्यांशीं बोलून माहिती काढावयाची, आणि वाटेंत राक्षस आडवे आले म्हणजे लढावयाचें. ही लढाई हातघाईची नव्हे. हल्ला, मंत्र, बचाव, औषध यांपैकीं काय करावयाचें तें स्वस्थपणें ठरवून आज्ञा द्यावी, मग दोन्ही पक्षांच्या चाली होतात. आज्ञा दिली नाहीं तर खेळ जागच्या जागीं थांबून राहतो. दारावर पाहुणे आले, चुलीवर दूध उतूं गेलें, तरी नायकाच्या केसासहि धक्का लागत नाहीं. कुटुंबांत राहणाऱ्या माणसास ही सोय केवढी आहे, हें निराळें सांगावयास नको !

प्रत्येक विजयानें अनुभवाचे गुण सांठतात, व ते पुरेसे झाले कीं नायक एक पायरी वर चढतो. त्यामुळें बोटांची चपळाई नसलेला मनुष्यहि केवळ चिकाटीच्या बळावर शेवट गांठूं शकतो. मालेचे कर्ते युजी होरी यांनीं ‘विझार्ड्री’ व ‘अल्टिमा’ या अमेरिकन खेळांपासून स्फूर्ति घेतली; पण ते खेळ जाणत्यांचे होते, आणि होरींनीं तोच प्रकार अजाणांच्या हातीं दिला. चित्रें अकिरा तोरियामा यांचीं व संगीत कोइची सुगियामा यांचें. हे दोघेहि आतां हयात नाहींत. सुगियामा २०२१ सालीं व तोरियामा २०२४ सालीं वारले. २०२१ च्या जुलैंत टोकियोच्या ऑलिंपिक सोहळ्यांत खेळाडूंची मिरवणूक मैदानांत शिरूं लागली, तेव्हां पहिले सूर वाजले ते याच खेळाच्या मंगलाचरणाचे.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. मूळचा पहिला भाग सबंध ६४ किलोबाइटांत मावलेला होता. आज एखादें साधें छायाचित्रहि याहून मोठें असतें. नायक एकटा, आणि एका वेळीं शत्रूहि एकच. जिना उतरावयाचा तरी यादी उघडून तशी आज्ञा द्यावी लागे. खेळ अर्धा ठेवावयाचा तर राजा वीस अक्षरांचा एक अर्थहीन मंत्र सांगे. तो वहींत उतरून घेऊन दुसऱ्या दिवशीं जसाच्या तसा भरावा लागे. १९८७ सालच्या दुसऱ्या भागांत हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत लांबला. एक अक्षर चुकलें कीं सारी कमाई बुडाली ! शिवाय त्या भागाच्या अखेरचें बर्फाळ पठार इतकें निर्दय आहे, कीं जुने खेळाडू अद्याप त्याचें नांव काढून उसासे टाकतात. इतिहासाची हौस असणारांनीं हें सर्व अवश्य पाहावें. नवशिक्यानें मात्र पाहूं नये.

तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजीं, म्हणजे ऐन बुधवारीं, विक्रीस आला. दुकानांपुढें रांगा लागल्या व शेंकडों मुलांनीं शाळा बुडविल्याच्या वार्ता वृत्तपत्रांतून झळकल्या. त्यावरून सरकारनें कायदा करून शाळेच्या दिवशीं या खेळाची विक्री बंद केली, अशी एक दंतकथा जगभर पसरली आहे. असा कायदा कधींच झाला नाहीं. प्रकाशकांनींच शहाणपणानें पुढील भागांसाठीं सुट्टीचा दिवस धरला, इतकेंच. या भागांत नायकाच्या तीन सोबत्यांची टोळी आपण स्वतः निवडतों. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी व्यापारी. कथेच्या दृष्टीनें हा तिसरा भाग पहिल्या दोहोंच्या आधीं घडतो. म्हणूनच नवीन सजविलेल्या आवृत्त्या काढतांना कंपनीनें २०२४ च्या नोव्हेंबरांत आधीं तिसरा व २०२५ च्या ऑक्टोबरांत पहिला-दुसरा असा उलटा क्रम धरला. यांत एक मेख आहे. तिसऱ्याच्या शेवटीं जो उलगडा होतो, त्याची खरी चव पहिला भाग ठाऊक असणारासच कळते. तरीहि या तिघांपुरतें बोलावयाचें तर आरंभ तिसऱ्यापासूनच करावा असें माझें मत आहे; अर्धी चव गेली तरी चालेल, पण भूक मरतां कामा नये.

परंतु हीं पानें वाचणाऱ्या कुटुंबांतील कोणी मला एकच भाग विचारील, तर मी क्षणाचाहि विलंब न लावतां पांचव्याचें नांव घेईन. तो सप्टेंबर १९९२ मध्यें निघाला. त्याची कथा एका मनुष्याच्या सबंध आयुष्याची आहे. आरंभीं नायक पांच-सहा वर्षांचा पोर असून बापाचें बोट धरून हिंडतो. वाटेंत लढाई झाली तर बापच पुढें होतो, आणि लढाई संपल्यावर मुलाच्या जखमा मंत्रानें बऱ्या करतो. कोणी न सांगतां खेळणाराच्या मनांत त्या बापाविषयीं जो विश्वास उत्पन्न होतो, तो केवळ आंकडे वाढण्या-घटण्यांतून होतो, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें मुलास ओलीस धरल्यामुळें बाप हात न उचलतां मार खातो व मुलाच्या डोळ्यांदेखत प्राण सोडतो. त्यानंतर मुलाच्या नशिबीं दहा वर्षांची गुलामगिरी येते.

मग नायक मोठा होतो आणि विवाहाचा प्रसंग येतो. बाळपणची मैत्रीण बियांका, कीं धनाढ्य घरची सुशील नीरा ? निवड आपणांसच करावयाची असते, व एकदां केलेली परत घेतां येत नाहीं. जपानांत या प्रश्नावर आजहि हिरिरीनें वाद चालतात. सासऱ्याच्या संपत्तीनें पुष्कळ सोयी होतात हें खरें. पण जुनी सोबत टाकून ती घ्यावी काय? घरांतील चार माणसें पडद्याभोंवतीं बसलीं असतां हा प्रसंग आला, तर आजींचें मत व नातवाचें मत एक होईल याची खात्री देतां येत नाहीं. यापुढें नायक स्वतः बाप होतो. ज्या वीराच्या शोधांत त्याच्या वडिलांनीं आयुष्य वेंचलें, तो वीर कोण, हें मी येथें सांगणार नाहीं. इतकेंच म्हणतों कीं तो आपण नव्हे, हें कळतें त्या क्षणीं मनास वाईट वाटण्याऐवजीं कृतार्थ वाटतें.

चौथा, पांचवा व सहावा हे तीन भाग एका गटाचे मानले जातात. पण पांचवा समजण्यास चौथ्याची गरज पडत नाहीं. इंग्रजींत तो फार उशिरां, २००९ सालीं, निन्टेन्डो डीएस या हातांतल्या यंत्रासाठीं आला. त्या आवृत्तींत डेबोरा नांवाची तिसरी वधूहि घातलेली आहे. २०१५ पासून तो मोबाईलवरहि इंग्रजींत निघाला, त्यामुळें निराळें यंत्र विकत घेण्याचा खर्च वांचतो. भाषा बरीच अलंकारिक आहे. लहान मुलांपाशीं कोणी मोठें बसून वाचून दाखवील तर उत्तम.

ज्यांना जुन्या धर्तीचीं चित्रें मुळींच सोसत नाहींत, त्यांनीं २०१७ सालचा अकरावा भाग घ्यावा. तो देखणा आहे, वाट चुकूं देत नाहीं, आणि कथा स्वयंपूर्ण आहे. मात्र पन्नास-साठ तासांची तयारी ठेवावी. आठवाहि बरा. सातवा मूळ रूपांत शंभर तासांच्या घरांत जातो, व पहिली लढाई येण्यापूर्वींच कित्येकांचा धीर सुटतो. त्यास सध्यां हात लावूं नये. दहावा हा जाळ्यावरून अनेकांनीं मिळून खेळावयाचा असून इंग्रजींत काढलेलाच नाहीं, तेव्हां त्याचा विचारच नको.

पांचवा संपल्यावर चौथा घ्यावा. त्यांत प्रत्येक सोबत्याची गोष्ट निराळ्या प्रकरणांत येते, आणि तिसरें प्रकरण तोर्नेको नांवाच्या एका लठ्ठ व्यापाऱ्याचें आहे. त्यास राक्षस मारण्यापेक्षां स्वतःचें दुकान थाटण्याची ओढ अधिक. आणि घरून निघतांना बायकोनें बांधून दिलेला डबा रोज त्याच्या पिशवींत असतो.