एकाच रसाचे दोन तुकडे

लोखंडावर लेख लिहायचा तर तो शास्त्र शाखेच्या विद्यार्थ्याने लिहावा, असे कोणीही म्हणेल. पण कुरुळीत राहणाऱ्याला लोखंड टाळता येत नाही. पुण्याहून नाशिक रस्त्याने येताना चाकणच्या अलीकडे आमचे गाव, आणि माझे मामा जवळच्याच एका फौंड्रीत साचे भरतात.

गेल्या पावसाळ्यात मामांनी बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, दोन तुकडे माझ्या हातावर ठेवले. एकाची तुटलेली बाजू करडी, दुसऱ्याची चांदीसारखी पांढरी. "दोन्ही एकाच रसातले," ते म्हणाले. पांढऱ्या भागात ड्रिल शिरेना म्हणून गिऱ्हाइकाने माल परत पाठवला होता आणि ठपका आला होता मामांच्या साच्यावर.

बिडात साधारण शेकडा ३ ते ३.५ भाग कार्बन असतो. रस सावकाश थिजला, तर या कार्बनला वेगळे होऊन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने बसायला सवड मिळते. (पेन्सिलीत असते तेच हे ग्रॅफाइट.) असे करडे बीड कापायला सोपे. रस झटकन थिजला, तर कार्बन लोखंडाशीच जखडून राहतो. बीड पांढरे, अतिशय कठीण आणि ठिसूळ होते.

वाळूचा साचा उष्णता हळू ओढतो, लोखंडी साचा भराभर. पण साचा एकच असला तरी जाड भाग उशिरा निवतो, पातळ भाग लवकर. मामांच्या नगाची बैठक जाडजूड होती, बरगडी जेमतेम चार मिलिमीटरची. पांढरेपणा नेमका त्या बरगडीत!

हाच दोष काही ठिकाणी मुद्दाम हवा असतो. किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते, फाळाच्या झिजेचा विचार मात्र कोणी करीत नाही. घासली जाणारी कड कठीण हवी असेल, तर वाळूच्या साच्यात तेवढ्या जागी लोखंडाचा ठोकळा बसवतात. कारागीर त्याला 'चिल' म्हणतात. अमेरिकेत जेम्स ऑलिव्हरने एकोणिसाव्या शतकात अशाच युक्तीने नांगर बनवून नाव कमावले. अॅल्युमिनियमला तर भराभर निवणे मानवतेच; कण बारीक राहतात आणि नग मजबूत होतो.

आता त्या नगासाठी ओतण्यापूर्वी रसात थोडे फेरोसिलिकॉन टाकतात. त्याने ग्रॅफाइट सुटायला मदत होते. शिवाय आधी एक पाचर ओतून, तोडून, तिच्या टोकाला पांढरे किती आले ते बघतात. मामांचे कापलेले दोन दिवसांचे पैसे मात्र अजून मिळालेले नाहीत.