रांजणातला बुळबुळीत थर

श्रोतेहो, रांजण रिकामा झाला की आतल्या कडेला बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागते ना? आपण त्याला शेवाळ म्हणतो, आणि वरून नवे पाणी ओततो. पण शेवाळाला उजेड लागतो. झाकलेल्या रांजणातला हा थर बहुधा जंतूंची वस्ती असतो. शास्त्रज्ञ त्याला बायोफिल्म म्हणतात. आपण जंतूंचा थर म्हणू.

ही वस्ती बसते कशी? पाण्यातून एखादा जंतू येऊन भिंतीला टेकतो. प्रथम पकड सैल असते. मग तो अंगातून चिकट द्रव्य सोडतो. एकाचे दोन, दोनांचे चार होतात, आणि डिंकासारख्या त्या लगद्यात सारे मिळून राहतात. गावाला जसे गावकूस, तसा त्यांना हा लगदा.

हे गावकूस भक्कम असते. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी लेव्हेनहूक नावाचा कापडाचा व्यापारी होता. १६८४ च्या सुमारास त्याने स्वतःच्या दातांवरचे किटण भिंगाखाली पाहिले. शिरक्याने दात धुतले, तर बाहेरचे सूक्ष्म जीव मेले. आतले जिवंतच राहिले!

रांजणातही तेच घडते. क्लोरिनचे औषध टाकले की पाण्यात तरंगणारे जंतू मरतात. थरात मात्र औषधाचा जोर वरच्या वर खर्ची पडतो. पुढे त्याच थरातून जंतू सुटून पाण्यात येतात. पटकीचा जंतूदेखील असा थर धरून राहू शकतो. म्हणून औषध टाकले, आता काळजी नाही, असे समजू नका.

इस्पितळात लघवीच्या नळीवर असा थर धरला, तर एरवी लागू पडणारी औषधेही हात टेकतात. म्हणून जंतू मुळात चिकटूच नयेत, असा प्रयत्न चालू आहे. शार्क माशाच्या कातडीवर बारीक खवल्यांची नक्षी असते. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या अँथनी ब्रेनन यांनी तशी नक्षी कृत्रिम पृष्ठभागावर उठवली. प्रयोगशाळेत तिच्यावर जंतूंचा थर कमी धरला.

गुरुजी, मुलांकडून एक प्रयोग करून घ्या. काचेच्या दोन बाटल्या आठवडाभर हौदात बुडवून ठेवा. मग एक नुसती विसळा, दुसरी काथ्याने घासा, आणि दोन्हींवर बोट फिरवू द्या. मुले घरी जाऊन आपणहून सांगतील.

तेव्हा आधी रांजण रिकामा करा, काथ्याने घासा, उन्हात वाळवा. मग पाणी भरा, आणि शेवटी औषध. हा क्रम चुकवू नका.